नवऱ्याला हिरवा पट्टा

माझी बायको महानंदा बेंगळूरमधल्या सर्जापूर रोडवरच्या एका मोठ्या इस्पितळात नर्स आहे. वॉर्डातली नव्हे, दारातली. तातडीच्या विभागाचं काचेचं दार उघडलं की समोर जे टेबल दिसतं, त्यामागे ती बारा वर्षं बसते. डॉक्टर आत असतात. डॉक्टरांकडे कोणी आधी जायचं आणि कोणी बसायचं, ते ही ठरवते. लाल पट्टा म्हणजे या क्षणी आत. पिवळा म्हणजे थोड्या वेळाने. हिरवा म्हणजे तुमचं काही बिघडलेलं नाही, तिकडे खुर्ची आहे, बसा. एक काळाही असतो म्हणे, पण तो मिळालेल्या माणसाने आजवर तक्रार केलेली नाही.

मला तिने चार वेळा पट्टा बांधला होता आणि चारही वेळा हिरवा. संसार बावीस वर्षांचा. एवढ्या वर्षांत बायकोने एकदा तरी आपल्याला सगळ्यांच्या आधी आत घ्यावं, ही इच्छा कोणत्या नवऱ्याला नसते ते सांगा. मला होती, आणि मी ती लपवलेलीही नव्हती.

खरं म्हणजे मला लग्नाआधीच कळायला हवं होतं. मी दत्ता, आमचं चिकपेटमध्ये अस्तर, फॉल आणि लेसचं दुकान, पणजोबांपासून. मुलगी निपाणीची, नर्सिंग केलेली. बघायला गेलो तेव्हा तिने माझ्या हातात बशी दिली आणि माझ्या चेहऱ्याकडे न बघता नखांकडे बघितलं. मग खालच्या पापणीकडे. मला वाटलं, लाजते आहे. ती आत गेली आणि वडिलांना म्हणाली, ते मी माझ्या कानांनी ऐकलं, "रक्त स्वल्प कमी हाय, बाकी माणूस बरा दिसतोय." या निदानावर आमचं लग्न झालं.

घरातही तेच. समजा दूध उतू चाललंय, माझी आई आतून हाक मारतेय, दारावर कुरिअरवाला बेल वाजवतोय आणि मी माझा चष्मा शोधतोय. ती तीन सेकंद उभी राहते. दूध, आई, बेल. चष्मा यादीत कधी आलाच नाही. एकदा मी भांडलो, तर म्हणाली, "तुमच्या डोक्यावर हाय." होताच, पण मुद्दा तो नव्हता.

तिच्या टेबलाजवळ तासभर उभं राहिलं तर माणसाची जात कळते. जात म्हणजे स्वभावाची. दुखण्याला एक ते दहा यातला आकडा सांगायचा असा तिथला नियम आहे. आमच्या रोडवरची संगणकवाली मुलं दशांशात सांगतात. कांदा चिरताना बोट कापलेला एक जण "साडेनऊ" म्हणाला, आणि दहा का नाही असं विचारल्यावर "थोडी जागा ठेवली" म्हणाला. त्याच दिवशी एक गवंडी पायात आरपार खिळा घेऊन स्वतः दुचाकी चालवत आला. त्याला विचारलं तर म्हणाला, दोन. त्यामुळे महानंदाने स्वतःचे हिशेब बसवलेत. लॅपटॉपची बॅग खांद्याला असेल तर निम्मं. स्वतः गाडी चालवत आला असेल तर तिप्पट. पुण्याचा असेल तर आकडा सोडून द्यायचा आणि नाडी बघायची, कारण तो आकड्यावर वाद घालतो.

"जो ओरडतोय, त्याचा श्वास चाललाय हे मला कळतंय," ती म्हणते. "गप्प बसलाय त्याचं काय चाललंय, ते बघायला मी हाय."

हे ऐकायला छान. पण चिकपेटमध्ये आणि आमच्या मराठी मंडळात लोकांना एवढंच ठाऊक होतं, की दत्ताची बायको दारात बसते. दारात आपलं माणूस असणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. लोक मला फोन करत. मीही "हो, हो, सांगतो की तिला" म्हणत असे, कारण नाही म्हणायला जीभ लागते आणि ती माझ्याकडे फक्त भांडणापुरती आहे.

मंडळाचे सचिव यशोवर्धन यांचा अंगठा सुजला. मी म्हटलं, जा, माझं नाव सांगा. त्यांनी सांगितलं. महानंदाने अंगठा बघितला, हिरवा पट्टा बांधला आणि त्यांना दोन तास बसवलं. मधल्या काळात त्यांच्या नंतर आलेली एक फुलवाली आत गेली, एक रिक्षावाला आत गेला, आणि ज्याला काहीच झालेलं नाही असं यशोवर्धनांना वाटत होतं तो एक फिकट चेहऱ्याचा म्हातारा तर धावतच नेला. यशोवर्धनांनी त्या दिवसापासून मला मंडळाच्या कार्यक्रमांच्या सूचना पाठवणं बंद केलं.

मग माझंच बोट. दुकानातल्या पिको मशीनची सुई नखातून गेली. मी रांग ओलांडून थेट टेबलापाशी गेलो आणि म्हटलं, "अगं, मी आहे."

"हो, दिसतंय," ती म्हणाली. "दुखण्याला आकडा किती?"

"साडेनऊ."

"बसा की तिकडं."

मी बसलो, पण गप्प बसलो नाही. तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली, की दारातल्या सिस्टर जवळच्या नातेवाइकांशी परक्यासारखं वागतात. सही केली नव्हती. ती चिठ्ठी त्यांच्या बैठकीत मोठ्याने वाचली गेली, आणि संध्याकाळी महानंदाने ती माझ्या ताटाशेजारी ठेवली. "तुमचा 'ळ' अजून तसाच हाय," एवढंच म्हणाली आणि भाजी वाढली.

असं सगळं चाललेलं असताना गेल्या वर्षी माझी धाकटी बहीण अंजली हिचा फोन आला. अंजली संकेश्वरला दिली आहे. तिच्या सासूबाई ठकुबाई यांना तीन महिन्यांपासून चक्कर येत होती, आणि गावातल्या डॉक्टरवर त्यांचा विश्वास नव्हता, कारण त्याला त्यांनी लहानपणी शेंबडा बघितला होता. त्यांना बेंगळूरला दाखवायचं होतं. तेही साधी अपॉइंटमेंट घेऊन नाही. पाव्हण्याची बायको दारात बसते, मग अपॉइंटमेंट कशाला?

"दादा," अंजली हळू आवाजात म्हणाली, "त्या मला रोज ऐकवतात, तुझं माहेर नावालाच बेंगळूर. कधी कुणाच्या उपयोगी पडलंय का? आता माझी लाज तुझ्या हातात आहे."

तिने फोन स्पीकरवर टाकला. पलीकडे अख्खं घर होतं. बहिणीची लाज आणि आठ माणसांचे कान म्हटल्यावर मला चेव आला. मी म्हटलं, "मावशींना पाच मिनिटं जरी बसावं लागलं तर दत्ता नाव लावणार नाही." पलीकडे कौतुकाचा आवाज झाला. माझ्या इकडे महानंदा भांडी विसळत होती. तिने नळ बंद केला, माझ्याकडे बघितलं आणि परत सोडला.

मंगळवारी सकाळी ठकुबाई बसमधून उतरल्या. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, तसं त्यांच्याबरोबर संकेश्वरी मिरचीचं एक पोतं होतं. आमची लिफ्ट बंद होती. चक्कर येणाऱ्या बाईला पोतं कसं उचलायला सांगणार? तीन मजले मीच चढवलं. वर पोहोचलो तेव्हा शर्ट ओला झाला होता आणि डावा हात भरून आला होता. पोतं त्याच खांद्यावर होतं, त्यामुळे त्यात मला नवल वाटलं नाही. आईने कॉफी पुढे केली. अर्धी प्यायलो आणि ठेवली. मिरचीचा खकाणा छातीत बसलाय, असं आईला सांगितलं.

महानंदा सकाळच्या ड्यूटीला आधीच गेली होती. अकराच्या सुमारास मी ठकुबाईंना घेऊन इस्पितळात पोहोचलो. वाटेत रिक्षात मी भाषण तयार केलं होतं. त्यात बहिणीची लाज होती, बावीस वर्षं होती, पणजोबाही एका वाक्यात येऊन जात होते. आज काही झालं तरी माघार घ्यायची नाही असं मी ठरवलं होतं. दारावरचा सुरक्षारक्षक मंजुनाथ मला ओळखतो. माझी आणि त्याची दर खेपेला बाचाबाची होते. त्या दिवशी तो म्हणाला, "अण्णा, लाइनमध्ये या," आणि मी लाइनमध्ये गेलो. तो माझ्याकडे बघत राहिला.

आमचा नंबर आला. महानंदाने ठकुबाईंना खुर्चीवर बसवलं, बीपी घेतलं, डोळे इकडून तिकडे फिरवायला लावले, हात पुढे धरायला लावले.

"चक्कर कधी येते, अत्ती?"

"माळ्यावरचं डबं काढाय वर बघितलं की येती. कुशी बदलली की येती. सुनंनं उलटं उत्तर दिलं की लईच येती."

"किती महिने?"

"तीन झालं की."

महानंदाने हिरवा पट्टा काढला आणि त्यांच्या मनगटाला बांधला. "घाबरण्यासारखं काही न्हाई. डॉक्टर बघतील, पण तासभर लागंल. तिकडं खुर्चीवर बसा."

ठकुबाईंनी पट्ट्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संकेश्वरची आठही माणसं होती. आता माझी वेळ होती. मी तोंड उघडलं, आणि मला त्या सगळ्या भाषणाचा एकदम कंटाळा आला. बोलायचं म्हणजे श्वास लागणार, आणि तेवढा श्वास जवळ नव्हता.

"बरं," मी म्हटलं. "बसतो आम्ही. आधी त्यांचं होऊ दे."

महानंदा पुढच्या माणसाकडे वळली होती. तिच्या हातातलं पेन थांबलं.

"काय म्हणालात?"

"बसतो म्हणालो."

"इकडं या."

"अगं, काही नाही."

"दत्ता, इकडं या." तिने मला नावाने हाक मारली, तीही चारचौघांत. बावीस वर्षांत पहिल्यांदा. मी टेबलापाशी गेलो. तिने माझं मनगट धरलं. "कुठं दुखतंय?"

"दुखत नाही. भरून आल्यासारखं आहे. पोतं उचललं ना."

"आकडा सांगा."

"दोन."

"सुई टोचली तेव्हा साडेनऊ सांगितला होता तुम्ही."

तिने माझ्या नखांकडे बघितलं, मग खालच्या पापणीकडे.

"सकाळची कॉफी प्यालात?"

"अर्धी."

आमच्या घराण्यात अर्धी कॉफी ठेवून कोणी उठलेलं नाही. आमचे आजोबा वारले ते सुद्धा कप रिकामा करून. महानंदाने खण उघडला आणि लाल पट्टा काढला. तो ती एका हाताने सटकन बांधते, मी कितीदा बघितलंय. या वेळी तिला दोन्ही हात लागले. कुठूनतरी चाकाची खुर्ची आली, आणि मी आत चाललो तेव्हा मागून ठकुबाईंचा आवाज सगळ्या विभागाला ऐकू गेला.

"अगं बाई, चक्कर मला येतीया. ह्येनला कुठं घिऊन चाललाय?"

आत डॉक्टर तनय होते. नागपूरचा तरुण माणूस, शांत, हुशार. त्यांनी तारा चिकटवल्या, कागद बाहेर आला, तो त्यांनी उजेडाकडे धरून बघितला. माझ्या उशाशी महानंदा उभी होती.

"सिस्टर, ईसीजी क्लिअर आहे," ते म्हणाले. मग अगदी सौम्यपणे, "पेशंट तुमचे मिस्टर आहेत. टेन्शन येतं, मी समजू शकतो. यलो करूया का? बाहेरून अजून एक रेड येतोय."

त्यांच्या बोलण्यात वावगं काही नव्हतं. पण मी महानंदाकडे बघितलं आणि मला त्या बोलण्याचं वजन कळलं. बारा वर्षांत तिला असं कोणी म्हणालं नव्हतं. मंडळाचा सचिव, दुकानाचे शेजारी, तिचा सख्खा भाऊ, सगळ्यांना तिने त्या खुर्चीवर बसवलं होतं, ते याच एका गोष्टीच्या जोरावर, की ही बाई आपला-परका बघत नाही. आणि आज तिने नवऱ्याला लाल पट्टा बांधला होता, आणि कागद म्हणत होता की नवरा ठीक आहे. चुकली असती तर उद्यापासून त्या टेबलावर तिचा शब्द कोण मानणार होतं? मला वाटलं, हो म्हणेल. मीच म्हणणार होतो, की मला बाहेर बसवा. माझ्यामुळे तिची शोभा नको.

"डॉक्टर," महानंदा म्हणाली, "हा माणूस आज माझं पहिल्या शब्दाला ऐकला. सिक्युरिटीशी भांडला नाही. आकडा दोन सांगितला. हे नॉर्मल नाही. यांना इथंच ठेवा आणि पंधरा मिनिटांनी परत काढा. चूक झाली तर माझ्या नावावर लिहा."

डॉक्टर तनयनी तिच्याकडे बघितलं आणि होकाराची मान हलवली.

आणि मग ती गेली. माझा हात सोडला आणि बाहेर आपल्या टेबलावर जाऊन बसली. मला आयुष्यात इतका राग आला नव्हता, आणि ओरडायला अंगात ताकद नव्हती. पडद्यापलीकडून तिचा आवाज येत होता. "नेक्स्ट. काय झालं? कधीपासून? स्वल्प वेट माडी, थोडं थांबा." पंधरा मिनिटं मी तो आवाज ऐकत पडलो. मधे एकदा तो थांबला तर मी मान उचलून पडद्याकडे बघितलं. परत सुरू झाला तेव्हा बरं वाटलं.

दुसरा कागद बाहेर आला. डॉक्टर तनयनी तो उजेडाकडे धरला नाही. तिथल्या तिथे बघितला आणि माझ्या खाटेचा ब्रेक त्यांनी स्वतः पायाने काढला. "सिस्टरना सांगा, आपण वर जातोय," एवढं ऐकलं. पुढचं मला फारसं आठवत नाही. हृदयाची एक नळी बंद होत आली होती, ती उघडली, आत बारीकशी जाळी बसवली. बाहेरच्या खुर्चीवर तासभर बसलो असतो तर, असं डॉक्टर म्हणायला लागले आणि महानंदाने त्यांना पुढचं बोलू दिलं नाही.

ठकुबाईंचा नंबर एक तास दहा मिनिटांनी लागला. कानाच्या आतल्या तोलाचा दोष निघाला. डॉक्टरांनी मान वळवायचे काही प्रकार करायला लावले आणि तीन महिन्यांची चक्कर तिथेच उतरली. पण त्याचं त्यांना काही नाही. संकेश्वरला जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की आजारी मी, पट्टा मला हिरवा, आणि बाईनं आपल्या नवऱ्याला चाकाच्या खुर्चीत घालून आत नेलं. वशिला म्हणत्यात तो ह्यो. अंजलीला मात्र त्या आता काही बोलत नाहीत, कारण जिच्या माहेरी एवढा वशिला आहे तिच्याशी जपूनच वागायला हवं.

ही बातमी चिकपेटला पोहोचायला दोन दिवस लागले. यशोवर्धन भेटायला आले, नारळपाणी घेऊन. "शेवटी घरचा माणूस तो घरचा माणूस," असं म्हणत त्यांनी डोळा मिचकावला. मंडळाच्या सूचना परत सुरू झाल्या. माझा भाव वधारला आणि बायकोचं नाव गेलं. मी चिडून म्हटलं, एकेकाला गाठून खरं सांगतो. महानंदा म्हणाली, "असू दे. तुम्ही चिडलाय ना, तेवढं पुरे."

मी मात्र एक प्रश्न मनात ठेवला होता. घरी आल्यावर आठ दिवसांनी विचारला. "मला तिथे टाकून तू बाहेर का गेलीस?"

"दारात मग कोण होतं?" ती म्हणाली आणि माझ्या गोळ्या मोजायला लागली. तिच्याकडून एवढंच मिळालं. बाकीचं मला तिच्याबरोबरच्या रंजिता नावाच्या नर्सने सांगितलं. त्या पंधरा मिनिटांत अक्कांनी, म्हणजे महानंदाने, एकाच पेशंटचं बीपी तीन वेळा घेतलं, तीन वेळा लिहिलं, आणि तीनही वेळा त्याच्या नावाच्या जागी माझं नाव लिहिलं. शेवटी रंजिताने त्यांच्या हातातून पेन काढून घेतलं. ते ऐकून मी दुकानात गल्ल्यामागे बसून रडलो. गिऱ्हाईक होतं, त्याला वाटलं भाव पाडून मागितला म्हणून.

मागच्या महिन्यात सकाळीच माझ्या छातीत चमक आली. मी घाबरलो आणि तडक इस्पितळात गेलो. मंजुनाथ म्हणाला, लाइनमध्ये या. मी म्हटलं, मी हार्टचा पेशंट आहे, तुझ्या लाइनला मान देत बसू का? आमची चांगली जुंपली. टेबलापाशी पोहोचलो तेव्हा महानंदा उभी होती. चेहरा पांढरा पडला होता.

"आकडा?"

"साडेनऊ. आणि हा मंजुनाथ मला..."

"कॉफी?"

"प्यालो. दोन वेळा."

तिने तरीही सगळं केलं. कागद काढला, तो डॉक्टरांना दाखवला, वीस मिनिटांनी परत काढून दाखवला. रात्रीचा झणझणीत रस्सा निघाला, त्याच पोत्यातल्या मिरचीचा. मग ती खाली बसली, पदराने नव्हे तर बाहीने डोळे पुसले आणि माझ्या मनगटाला हिरवा पट्टा बांधला. एका हाताने, सटकन.

"बसा की तिकडं," ती म्हणाली.

मी दोन तास बसलो. माझ्या नंतर आलेली अकरा माणसं आत गेली. निघताना तक्रारपेटीत चिठ्ठी टाकली, या वेळी सहीसकट: दारातल्या सिस्टर नवऱ्याला अजूनही ओळख दाखवत नाहीत. कृपया त्यांना असंच वागू द्यावं.